डनिच एका रात्रीत बुडालं नाही

इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यावरच्या डनिचबद्दल (लिहितात डनविच, बोलताना मधला ‘व’ गिळतात) एक मजकूर हातोहात फिरतोय: ‘लंडनएवढं शहर 1286 साली समुद्राने एका रात्रीत गिळलं, वादळात अजून बुडलेल्या चर्चच्या घंटा ऐकू येतात आणि लव्हक्राफ्टने आपली प्रसिद्ध भयकथा याच गावावर लिहिली.’

‘एका रात्रीत’ हा सगळ्यात मोठा घोटाळा. 1086 च्या ‘डूम्सडे’ या राजाच्या जमीन-महसुलाच्या नोंदवहीतच लिहिलंय, की इथे दोन नांगरांची जमीन होती, आता एकाचीच उरली, दुसरी समुद्राने नेली. म्हणजे त्या वादळाच्या दोनशे वर्षं आधीपासून पडझड चालूच होती. 1286 चं वादळ भयंकर होतं, पण त्यानंतरही गाव नांदत होतं. वर्मी घाव बसला तो 1328 मध्ये. वादळाने गोटे लोटून बंदराचं तोंडच बुजवलं आणि नदीने उत्तरेला, वॉल्बर्सविककडे वाट काढली. जहाजं तिकडे वळली, जकातही गेली. गाळाने भरलेल्या कोकणातल्या खाड्या पाहिलेल्यांना पुढचं सांगायला नकोच. धंदा बसलेल्या गावात किनारा सावरायला पैसा कुठून येणार?

‘लंडनएवढं’ हे निव्वळ थाप नाही. साउथॅम्प्टन विद्यापीठाने समुद्रतळाचा नकाशा काढला, तेव्हा जुन्या शहराचा विस्तार सुमारे 1.8 चौरस किलोमीटर भरला, जवळपास ‘सिटी ऑफ लंडन’ म्हणजे लंडनच्या जुन्या गाभ्याएवढा. पण माणसं? 1086 मध्ये अंदाजे तीन हजार. लंडनमध्ये त्याच्या कितीतरी पट. अर्थात राजाला 68,000 हेरिंग मासे देणारं गाव काही किरकोळ नव्हतं. आणि खरी गंमत फॉरवर्डवाल्यांकडून सुटलीच: बहुतेक गाव पाण्यात गेल्यावरही डनिच 1832 पर्यंत पार्लमेंटात दोन खासदार पाठवत होतं. शेवटी मतदार उरले होते 32!

घंटांचं म्हणाल तर ढासळता कडा सेंट पीटर्स चर्चपाशी पोचला तेव्हा लोकांनी त्याचं शिसं, लाकूड आणि घंटाही आधीच उतरवून घेतल्या. धातूला भाव असतो हो. समुद्राला मिळाले ते दगड.

अमेरिकी लेखक लव्हक्राफ्टची 1929 साली छापून आलेली कथा घडते अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरातल्या डनविच नावाच्याच एका काल्पनिक खेड्यात. तिथे समुद्रच नाही. या डनिचवर खरोखर लिहिलं ते इंग्रज कवी स्विनबर्नने. 1880 च्या त्याच्या ‘बाय द नॉर्थ सी’ या दीर्घ कवितेत ढासळत्या कड्यातून बाहेर आलेली मेलेल्यांची हाडं आहेत. उमर खय्यामच्या रुबाया इंग्रजीत आणणारा फिट्झजेराल्डही इथे मुक्कामाला येई. भुताटकी नसल्यामुळे ही नावं फॉरवर्डमध्ये बसली नसावीत.

‘एका रात्री’चा हिशेब करायचाच असेल, तर ऑल सेंट्स चर्च बघा. 1904 मध्ये ते कड्याच्या टोकाशी आलं आणि बुरूज कोसळला 1919 मध्ये. एका चर्चला पंधरा वर्षं लागली. वर्षागणिक आखूड होत जाणारं ते चर्च तेव्हाच्या पोस्टकार्डांवर दिसतं. त्याच्या भिंतीचा एक आधारखांब उचलून आत सेंट जेम्स चर्चच्या आवारात नेऊन उभा केला, तो अजून तिथेच आहे.