त्या एका मुलामुळे

मुलुंडच्या एका शाळेत तिसरीच्या पालकांनी मुख्याध्यापकांना अर्ज दिलाय. वर्गातला एक मुलगा जागेवर बसत नाही, दुसऱ्यांच्या पेन्सिली ओढतो, मध्येच उठून खिडकीशी जातो. त्याला दुसरीकडे हलवा. 'त्या एका मुलामुळे आमच्या ५० मुलांचं नुकसान का?' ताईने अर्जाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि आमच्या शिकल्यासवरल्या भावंडांनी पटापट अंगठे दिले. तेव्हापासून डोकं फिरलंय.

५०! त्या आकड्याचं कुणालाच काही वाटलं नाही. २००९चा शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक सांगतो. इंग्लंडात पहिली-दुसरीच्या वर्गाला मर्यादा ३०चीच. कागदावर आपण बरोबरीत. इथे लंडनच्या हॅरोत माझ्या मुलाच्या वर्गात बाईंच्या जोडीला टीए, म्हणजे मदतनीस बाई असते. त्याच्या खुर्चीच्या पुढच्या पायांना रबरी पट्टा ताणून बांधलाय. दिवसभर तो पाय त्यावर आपटत बसतो, आवाज होत नाही आणि हात वहीवर राहतो. डब्यांची ट्रॉली हॉलपर्यंत ढकलायचं कामही त्याचंच. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि स्वस्थ न बसवण्याच्या, निदानाच्या रांगेत आम्ही अजून उभेच आहोत, पण मदतीसाठी निदानाचा कागद लागत नाही, हे सेन्कोने, म्हणजे शाळेत अशा मुलांची मदत बघणाऱ्या शिक्षिकेने, पहिल्याच भेटीत सांगितलं.

मुंबईत आधी कागद. त्यातही २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, बसतो, नुसतं एडीएचडी बसत नाही. मग पदरमोड करून शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसणारी खाजगी बाई, ठेवा, नाहीतर असल्या अर्जाची वाट बघा.

आणि हे साहेबाकडूनच शिकायला हवं असंही नाही. परळच्या आमच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत बाई मला खडू आणायला, घंटा द्यायला पिटाळायच्या. एक गणित झालं की एक फेरी. हॅरोत त्याचाच छापील तक्ता भिंतीला लावतात, इतकंच.

मावसभावाने लिहिलं, 'तिथे बसून बोलायला काय जातं? ये आणि सांभाळ ५० पोरं.' लागलं. मी काही परतणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. सुट्टीत आलो तरी मुलाला घेऊन कुणाकडे फार टेकत नाही. 'जरा जास्तच चळवळ्या आहे, नाही?' कानावर यायच्या आत उठतो. अंगठे देणारे हे सगळे माझ्याबरोबर एका ताटात जेवलेले. पण माझा मुलगा मुलुंडला शिकत असता, तर अर्ज त्याच्याच नावाने असता. हे ग्रुपवर लिहिलं नाही. एवढंच लिहिलं: अर्ज राहू दे, सह्याही राहू देत, फक्त मुलगा हलवण्याऐवजी वर्गाला दुसऱ्या बाई मागा.