चावू द्या, नियम नंतर बघू

डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव, तिसऱ्या लेव्हलची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी), जंगलातली रात्र, आणि तुमच्या फायटरने, म्हणजे लढवय्याने, कॉन्स्टिट्यूशन सेव्हला (काटकपणाच्या जोरावर संकट टाळायच्या फाशाला) ४ टाकले. लागणार होते १२. वेअरवुल्फचा, म्हणजे लांडगामाणसाचा, चावा बसला, शाप लागला, आणि खेळाडूचा चेहरा असा उजळलाय की सेव्ह चुकल्याचं दुःख म्हणतात ते हेच का, असं वाटावं. आता सगळे डीएमकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्या तुमच्याकडे बघताहेत: त्याला वेअरवुल्फ म्हणून खेळू द्यायचं का? अशा वेळी विचार करत बसायचं नसतं. हो म्हणा.

मग २०१४ चं मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे खेळातल्या राक्षसांचं पुस्तक, उघडा आणि शाप लागलेल्या पात्रांचा मजकूर जसाच्या तसा लागू करा. त्याआधी, २००३ च्या साडेतीन आवृत्तीत अशा पात्राला शापापोटी दोन लेव्हलचा भुर्दंड होता आणि लांडग्याचे दोन हिट डाइस (जीव ठरवणारे फासे) वर मोजले जायचे. एवढी काटकसर आता कोण करतं? फेब्रुवारी २०२५ च्या नव्या पुस्तकाने तर वेअरवुल्फची अभेद्यताच काढून टाकली. म्हणून म्हणतो, जुनंच उघडा.

त्यात मिळतं काय? स्ट्रेंग्थ कमी असेल तर थेट १५. लांडग्याच्या किंवा अर्धलांडग्याच्या रूपात आर्मर क्लासला (वार लागायला किती अवघड, त्या आकड्याला) एकाची भर. चार पायांवर ४० फूट वेग. अर्धलांडग्याच्या रूपात एका अॅक्शनमध्ये एक चावा (१डी८+२, म्हणजे आठ बाजूंचा एक फासा अधिक दोन) आणि एक पंजा (२डी४+२). दोन्ही लागले तर सरासरी साडेतेरा. दुसरा हल्ला मिळावा म्हणून बाकीचे फायटर पाचव्या लेव्हलची वाट बघतात, त्यांना बघू द्या. पण खरी मेख पुढे आहे: चांदीचा मुलामा नसलेल्या, बिनजादूच्या कुठल्याही हल्ल्यातल्या मार, भोसक आणि काप या तिन्ही प्रकारच्या नुकसानापासून पूर्ण मुक्ती. रात्रीच नव्हे, पौर्णिमेलाच नव्हे, माणसाच्या रूपातसुद्धा.

‘पूर्ण’ हा शब्द नीट कळावा म्हणून पार्टीपुढे एक टायरॅनोसॉरस सोडा. आठव्या चॅलेंज रेटिंगचा (किती अवघड, त्या मापाचा) प्राणी, चावा ४डी१२+७, सरासरी ३३. पण चावा साधाच, त्यामुळे आपल्या फायटरला नुकसान शून्य. वर नियम असा की चावलेलं सावज जबड्यात अडकतं, सुटायला डीसी (फाशाने गाठायचा आकडा) १७, आणि तोवर डायनासोरला दुसऱ्या कुणालाही चावता येत नाही. म्हणजे तुमचा फायटर आता जबड्यात आडवा घातलेला ओंडका आहे. त्याला काही होत नाही, डायनासोरचंही पोट भरत नाही, सगळं कसं अहिंसक. फक्त शेपूट मोकळी राहते: ३डी८+७, सरासरी २०. ती पार्टीतल्या विझार्डला, म्हणजे जादूगाराला, लागते. तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डकडे कॉन्स्टिट्यूशनची एकाची भर धरली तरी १७ हिट पॉइंट (जीव मोजणारे गुण) असतात.

इथे तुम्हाला शोध लागेल की समतोल बिघडलाय. घाबरू नका, चांदी वाटा. शस्त्राला मुलामा द्यायचा खर्च १०० सोन्याची नाणी. बाण असतील तर तेवढ्यात दहा होतात. डझनभर गॉब्लिनांच्या हाती चांदीच्या सिमिटर द्या. ज्या टोळीकडे संध्याकाळच्या जेवणाची सोय नाही, तिने १२०० नाण्यांचा मुलामा कुठून आणला असं कुणी विचारलं, तर रहस्य आहे म्हणा. मग लढाई संपते आणि पार्टी त्या तलवारी गोळा करते. मूळ किंमत २५, मुलाम्यासह १२५, विकताना निम्मी. डझनाचे ७५० झाले. मोडक्यातोडक्या आहेत असं सांगून बघा, ऐकणार नाहीत. अशा दोन टोळ्या मारल्या की १५०० ची प्लेट आर्मर येते, ती अर्थातच फायटर घेतो. विझार्डला मात्र चांदी लागली काय नि लोखंड लागलं काय, तोटा तेवढाच.

चांदी महाग पडली तर जादू वापरा. आगीपासून वेअरवुल्फला संरक्षण नाही, तेव्हा शत्रूकडे एक फायरबॉल असू द्या: ८डी६, सरासरी २८. कॉन्स्टिट्यूशन १४ असलेल्या तिसऱ्या लेव्हलच्या फायटरचे हिट पॉइंटही नेमके २८. हिशेब कसा चोख जुळतो! सेव्ह चुकला तर तो शून्यावर आडवा. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. शेजारी उभा असलेला विझार्डही जळतो, त्याच्या १७ च्या वर आणखी ११. सहा पॉइंट अजून निघाले असते, तर तो जागीच मेला असता आणि डेथ सेव्हचा, म्हणजे मरणाच्या दारातल्या फाशांचाही, त्रास वाचला असता.

खड्ड्यात पाडणं, पायाखालची फळी सरकवणं असले उपाय मात्र करू नका. पडणं हा हल्ला नसतो, त्यामुळे दर दहा फुटांना १डी६ लांडग्यालाही पुरेपूर बसतो, आणि फुकटात बसतो. डीएमने इतकं स्वस्त काम करणं शोभत नाही.

राहता राहिली पौर्णिमा. शाप झुगारणाऱ्या पात्राचा ताबा त्या रात्री डीएमकडे, हे ऐकायला भारदस्त वाटतं. कॅरेक्टर शीट काढून घ्या आणि खेळाडूला तीन तास वेफर्स खात बसवा. पार्टी म्हणेल, आम्ही त्याला बेड्या घालतो. घालू द्या, बेड्यांची किंमत दोन नाणी, तोडायला डीसी २०. स्ट्रेंग्थ १५ म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १८ किंवा जास्त हवेत, दर प्रयत्नाला १५ टक्के. सुरक्षित वाटतं ना? पण एक फेरी सहा सेकंदांची आणि रात्र फार मोठी. दहा प्रयत्नांत, म्हणजे एका मिनिटात, तो सुटण्याची शक्यता ८० टक्के होते. पहाऱ्यावर कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल.

टेबलावर एखादा उंटावरचा शहाणा असतोच. तो म्हणेल, अभेद्यता काढा, त्याऐवजी अर्धं नुकसान द्या. डायनासोरचे ३३ मग १६ होतील, दुखेल पण मरणार नाही. रूप बदलणं एका मिनिटापुरतं ठेवा, विश्रांतीनंतरच पुन्हा. एबेरॉन या खेळातल्या जगाच्या २०१९ च्या पुस्तकात शिफ्टर नावाच्या रूप बदलणाऱ्या वंशाला असंच आहे: बोनस अॅक्शनमध्ये बदल, लेव्हल अधिक कॉन्स्टिट्यूशनची भर इतके तात्पुरते हिट पॉइंट. पंजाचा दुसरा हल्ला पाचव्या लेव्हलला द्या, बाकीच्या फायटरना मिळतो तेव्हाच. आणि हिट पॉइंट निम्म्याखाली गेले की विझ्डम सेव्ह, डीसी १३; चुकला तर सगळ्यात जवळच्याला चावायचं, मग तो मित्र का असेना. पण फासा खेळाडूच टाकणार, शीट त्याच्याच हातात राहणार. शिवाय क्लेरिकला, म्हणजे पुजाऱ्याला, पाचव्या लेव्हलला शाप काढणारा रिमूव्ह कर्स मिळतो, तर शाप ठेवायचा की काढायचा हा निर्णयही एका सेशनमध्ये रंगवा, असंही त्याचं म्हणणं.

हे सगळं अर्ध्या पानात मावतं, म्हणूनच त्यात काही दम नाही. त्याला चहा आणायला पाठवा.

तोवर पार्टीने आपला मार्ग काढलेला असतो. अर्धलांडग्याच्या चाव्याने शाप पसरतो आणि पात्राच्या चाव्याचा डीसी ८ अधिक प्रॉफिशिअन्सी (लेव्हलप्रमाणे वाढणारी भर) अधिक कॉन्स्टिट्यूशनची भर, म्हणजे तिसऱ्या लेव्हलला १२. पार्टीतल्या रोगने, म्हणजे चोराने, आधीच दंड पुढे केलाय. बार्डला, म्हणजे गवयाला, दोनदा चावावं लागलं, पहिल्यांदा सेव्ह लागला म्हणून तो चिडला होता. शेवटी विझार्ड उठतो. शेपूट खाल्लेला, चांदीने कापलेला, भाजलेला, पहाऱ्यावर फाडलेला. बाही कोपरापर्यंत वर सारतो आणि तुम्हाला विचारतो, सेव्ह मुद्दाम चुकवता येतो का?

हो म्हणा.