शून्य नव्हतं

बाबांना जाऊन महिना होत आला. बाराव्याला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं एकच वाक्य म्हटलं, "शून्यातून उभं केलं हो सगळं." मी हात जोडत राहिलो. तिथं काय बोलणार? पण ते वाक्य मला काही पटलेलं नाही, म्हणून आज लिहितोय. लांबेल. चहा घेऊन बसा.

बाबा सिंधमधल्या शिकारपूरचे, १९३८ चा जन्म. शिकारपूरच्या सावकारांची हुंडी एकेकाळी पार मध्य आशियात चालायची. आजोबा तिथं एका पेढीवर मुनीम होते. स्वतःचं दोन मजली घर होतं. फाळणी झाली आणि घराला कुलूप लावून सगळे आगगाडीनं कराचीला, तिथनं बोटीनं मुंबईला. काही दिवस कल्याणच्या छावणीत काढून शेवटी कोल्हापूरच्या अलीकडं वळिवडे स्टेशनात उतरले. कुलपाची किल्ली आजीच्या कमरेला तशीच होती म्हणे.

वळिवड्याच्या बराकी मुळात दुसऱ्यांसाठी बांधलेल्या. दुसऱ्या महायुद्धात रशियानं सैबेरियात नेऊन टाकलेली पोलंडची माणसं इराणमार्गे १९४३ पासून इथं येऊन राहिली, सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि पोरं. ती निघाली, आमची माणसं शिरली. त्याच छावणीचं पुढं गांधीनगर झालं. आज तिथं लांबलांबनं लोक लग्नाचा बस्ता बांधायला येतात. तेव्हा एका खोलीत दोन कुटुंबं आणि मध्ये आजीच्या ओढणीचा पडदा.

बाबा दहाव्या वर्षी गाडीत गोळ्या-बिस्किटं विकत होते. अठराव्या वर्षी सायकलच्या कॅरिअरला कटपीसचं गाठोडं बांधून कागल, हुपरी, जिथं बाजार असेल तिथं. माल कुठला? इचलकरंजीच्या एका मराठी व्यापाऱ्यानं उधार दिलेला. ना तारण, ना जामीन. फक्त म्हणाले, "पुढच्या बाजाराला पैसं आणून दे, मग दुसरं गाठोडं ने."

आता सांगा, ह्यात शून्य कुठं आहे? मुनिमाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला हिशेब बाबांच्या डोक्यात होता. शब्द मोडायचा नाही, हे रक्तात होतं. आणि समोर विश्वास टाकणारं माणूस होतं. "शून्यातून" म्हटलं की तो इचलकरंजीचा व्यापारी पुसला जातो, शिकारपूरचं घरही पुसलं जातं. शून्य नव्हतं हो. होतं ते हिसकावून घेतलेलं होतं, हे म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून आपण शून्य म्हणतो.

बाबा देवमाणूस होते असंही लिहिणार नाही. चिकट होते. स्वतःच्या दुकानातलं नवं शर्टपीस आम्हाला दिवाळीशिवाय मिळालं नाही. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला एकदाही आले नाहीत, दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून. आणि एक गोष्ट मला अजून खुपते. आईशी ते सिंधीत बोलायचे, आमच्याशी मात्र मराठीतच. मुद्दाम. पोरं बाजारात परकी वाटू नयेत म्हणून. आम्ही नाही वाटलो परकी. पण आजी शेवटच्या दिवसांत जे बोलायची, त्यातलं निम्मं मला कळलं नाही.

गंमत अशी की ती मराठी त्यांना स्वतःला पुरती वश झालीच नाही. नपुंसकलिंगाशी त्यांचं उभ्या आयुष्यात जमलं नाही. "तो पाणी", "ती दुकान". 'ळ' तर नाहीच. वलीवडे. हसणाऱ्यांना म्हणायचे, "भावा, समजलं न्हवं? मग झालं की."

२०१९ च्या महापुरात एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. मी चादरी बांधत होतो. बाबा एक्याऐंशी वर्षांचे, काठी टेकत गोदामात आले आणि म्हणाले, "आधी जाड कापडाचे चार ताके टाक गाडीत. आन् सुतळी." मी म्हटलं, कशाला? "बायकांना कपडे बदलायला आडोसा पाहिजे. खायाला कोण बी आणतो. पडदा कोण आणत नाही." शाळेतल्या एका बाईंनी ते कापड हातात घेतलं आणि काही न बोलता लगेच खिडकीच्या गजाला बांधायला लागल्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सामधल्या कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर होतो. पोलंडच्या राजधानीत आपल्या गावाचं नाव! मी खूश. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "चांगली माणसं. आठवण ठेवली." आणि जरा वेळानं, "शिकारपुरात आमच्या नावाचा असेल काय कुठं दगड?" मी चॅनेल बदललं. बदलायला नको होतं.

आता कामाचं. त्यांच्या गल्ल्याखालच्या कप्प्यात एक लाल कापडी बांधणीची वही सापडली आहे. सगळी सिंधीत, अरबी वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडं. घरात आम्हा चौघा भावंडांपैकी कुणालाच ती वाचता येत नाही. शेजारच्या काकूंनी दोन पानं वाचून दाखवली. कागलच्या बाजाराची उधारी निघाली, कुणाचं धोतर, कुणाचं खण, वसूल झालेल्या नावांवर काट. तिसऱ्या पानापासून आकडे संपतात आणि नुसतंच लिखाण सुरू होतं. पण काकूंना मोतीबिंदू आहे, अक्षर बारीक आहे, पुढं जमेना.

गांधीनगरात किंवा कोल्हापुरात कुणाच्या घरी ही लिपी वाचणारं वडीलधारं माणूस असेल, तर कृपया इनबॉक्स करा. वही घेऊन मी स्वतः येईन. सकाळी दहाच्या आत बरं पडेल, नंतर दुकान असतं.