"ताई, 'हंहं' म्हणजे काय?"

सकाळी ग्रुपवर सहज सांगितलं, की एका विद्यापीठाच्या अभ्यासात स्वयंसेवक म्हणून भाग घेतला. पहिला प्रश्न, "पैसे किती मिळाले?" दुसरा, "कसला अभ्यास?" म्हटलं, लोक आपले बुकमार्क, म्हणजे जपून ठेवलेल्या लिंका, टॅग लावून (नंतर सापडाव्यात म्हणून एखाद-दोन शब्द जोडून) कसे ठेवतात, त्याचा. त्यावर हसण्याचे सात इमोजी आणि एक वाक्य: "तुझ्याकडे फारच वेळ आहे बुवा."

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबलं.

(या हसणाऱ्यांतल्या दोघींनी गेल्याच आठवड्यात मला "अगं, तो तू पाठवलेला लेख परत पाठव ना, सापडत नाहीये" असा मेसेज केलाय. नावं घेत नाही.)

आधी ब्राउझरमधून बुकमार्कची फाइल काढून द्यायची होती. खाजगी लिंका वगळायची मुभा होती. मी वगळल्या, कोणत्या ते विचारू नका. ती फाइल कुतूहलाने उघडून पाहिली, तर पहिल्याच ओळीत नेटस्केपचं नाव! तो ब्राउझर जाऊन जमाना झाला, पण त्याने ठरवलेला फाइलचा साचा आजही चालतोय. मग व्हिडिओ कॉल. समोर एक संशोधक विद्यार्थिनी, अतिशय शांत. तिने माझ्याच तीस लिंका दाखवल्या, टॅग झाकून. म्हणाली, आज ही लिंक ठेवायची असती तर कोणते शब्द लावले असते? मी धडाधड सांगत गेले. माझेच बुकमार्क, त्यात अवघड काय?

नंतर तिने जुने टॅग उघडले. तिसांपैकी अकरा जुळले.

एकाच विषयाला मी कधी 'आरोग्य' लिहिलंय, कधी 'हेल्थ', आणि तेही एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये. 'नंतरवाच' हा टॅग तर सहाशेच्या वर लिंकांना. (जोडून लिहिलाय, कारण जुनी सवय. डिलिशस या लिंका साठवायच्या जुन्या साइटवर टॅगमध्ये जागा सोडली की त्याचे दोन टॅग व्हायचे.) आणि मग आला 'हंहं'. त्रेचाळीस लिंका. तिने विचारलं, "ताई, 'हंहं' म्हणजे काय?"

मला सांगता येईना. ती थांबली. एक शब्दही सुचवला नाही तिने. एवढं थांबून माझं कोण ऐकतं हो?

आता चिडायची वेळ. "सर्च आहे की, टॅग कशाला?" असं म्हणणाऱ्यांनो, सर्च त्या पानावर जे लिहिलंय ते शोधतो. ते पान मी का ठेवलं, हे त्या पानावर लिहिलेलं नसतं! ते फक्त मला ठाऊक असतं, आणि माझ्या त्रेचाळीस लिंकांनी सिद्ध केलं की मलाही फार दिवस ठाऊक राहत नाही. बरं, मान्य, नव्वद टक्के वेळा सर्चने काम भागतं. माझंही भागतं. पुढे.

हा विषय कुणी काल-परवा उकरून काढलेला नाही. जोशुआ शॅक्टरने २००३ मध्ये डिलिशस सुरू केलं, तेव्हापासून लोक हवे ते शब्द लावून लिंका साठवू लागले. २००४ मध्ये थॉमस वँडर वालने त्याला 'फोक्सॉनॉमी' असं नावही दिलं, म्हणजे तज्ज्ञांनी न आखलेलं, लोकांनी लोकांसाठी केलेलं वर्गीकरण. गोल्डर आणि ह्यूबरमन या दोघा संशोधकांनी डिलिशसवरचे टॅग तपासले. त्यांना दिसलं, की एखाद्या पानाला शंभरेक जणांनी टॅग लावले की कोणत्या शब्दाचा वाटा किती, ते जवळपास ठरून जातं. शंभर अनोळखी माणसांचं जमतं. माझं एकटीचं माझ्याशी जमत नाही. तीस पैकी अकरा!

आणि त्या डिलिशसचं काय झालं? २००५ मध्ये याहूने विकत घेतलं, मग हात बदलत गेलं, २०१७ मध्ये पिनबोर्ड या तसल्याच दुसऱ्या साइटकडे आलं आणि नवं काही ठेवणं बंद. लेख नंतर वाचायला ठेवायचं पॉकेट हे अॅप, तेही २०२५ च्या जुलैत बंद. आपण वर्षानुवर्षं शब्द लावत बसायचं आणि यांनी एक मेल पाठवून शटर ओढायचं. फाइल डाउनलोड करून घ्या म्हणे. घेतली. त्या फाइलमधल्या निम्म्या लिंका आज उघडतही नाहीत, हेही खरं. ज्यांना "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणायचंय त्यांनी म्हणून घ्या.

पण राग त्याचा नाही. राग त्या "फारच वेळ आहे"चा आहे. आपणच कुरकुरतो ना, की अॅप बनवणारे आपल्याला विचारत नाहीत? इथे कुणीतरी दीड तास बसून विचारलं, तू कशी आठवण ठेवतेस, कुठे चुकतेस. त्यात हसण्यासारखं काय होतं?

असो. चिडून झालं.

त्या रात्री 'हंहं'च्या लिंका एकेक उघडत बसले होते. विषय म्हणाल तर एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. दहाव्या-बाराव्या लिंकेला लक्षात आलं. हे सगळे ते लेख होते, जे मला पटले नव्हते आणि खोडूनही काढता आले नव्हते. वाचून तोंडातून जो आवाज निघाला असेल, तोच मी टॅग म्हणून लिहून ठेवला होता. असल्या शब्दाला कुठल्या याद्यांमध्ये जागा असणार?

तिला मेलवर कळवलं. तासाभरात उत्तर आलं, आभार आणि खाली एक प्रश्न: "त्यातले काही आता पटले असतील, तर त्यांचा टॅग बदलणार का?"

आता त्रेचाळीसही लिंका पुन्हा वाचायला घेतल्यात. सहाव्यावर आहे. दोन पटलेत, एकाचा अजून 'हंहं'च. ग्रुपवर आज दिसणार नाही मी.

फारच वेळ आहे ना माझ्याकडे.