नदीचा ‘अ. पा. क.’ कोण? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या पंचगंगा नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा द्यावा, म्हणजे तिच्या स्वतःच्या नावाने न्यायालयात दाद मागता यावी, असे सुचवणाऱ्या माझ्या लेखावर आपण घेतलेले आक्षेप मी लक्षपूर्वक वाचले. आपले म्हणणे थोडक्यात असे : आपल्याकडे कायदे भरपूर आहेत, उणीव आहे ती अंमलबजावणीची, नदीला व्यक्ती मानणे ही न्यूझीलंडची उसनवारी आहे, आणि नदीला दावा लावता येत असेल, तर पूर आल्यावर लोक नदीवरच दावे लावतील. पहिला आक्षेप सर्वांत भक्कम आहे, म्हणून त्यावरच अधिक लिहितो. पण आधी एक चूक कबूल केली पाहिजे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २० मार्च २०१७ रोजी गंगा आणि यमुना या नद्यांना कायदेशीर व्यक्ती ठरवले, हे मी कौतुकाने लिहिले. मात्र त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, हे लिहायचे राहून गेले. एवढी गोष्ट गाळल्यावर वाचकाला लेखकाचा संशय आला, तर दोष वाचकाचा नाही.

उसनवारीचा आक्षेप मला मान्य नाही. आपल्या गावातील देवस्थान इनामाचा सातबारा काढून पाहा. जमिनीचा धारक म्हणून देवाचे नाव लागलेले असते आणि पुजाऱ्याचे नाव वहिवाटदार म्हणून येते. देवाची मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे आणि तिचे हित पुजाऱ्याच्या हिताहून वेगळे असू शकते, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक कुटुंबातील वादात स्पष्ट केले होते. तसेच खातेदार अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असला की त्याच्या नावापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून कोणाचे तरी नाव लागते. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने कोणी बोलायचे, याची सोय आपल्या तलाठ्याच्या दप्तरात फार पूर्वीपासून आहे. उत्तराखंडच्या न्यायाधीशांनीही देवमूर्तीविषयीच्या निकालांचाच आधार घेतला होता.

तो निकाल अडला तो ‘पालक कोण’ या प्रश्नापाशी. न्यायालयाने पालक नेमले ते ‘नमामि गंगे’ या गंगा शुद्धीकरणाच्या सरकारी योजनेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. म्हणजे ज्या शासनाविरुद्ध नदीला दाद मागावी लागणार, त्याच शासनाचे अधिकारी तिचे पालक झाले. शिवाय गंगा एका राज्याची नाही; उत्तराखंडच्या मुख्य सचिवाने बिहारमधील गंगेसाठी काय करायचे? हा प्रश्न खुद्द उत्तराखंड सरकारनेच सर्वोच्च न्यायालयात उपस्थित केला आणि तो रास्त होता. न्यूझीलंडमध्ये वांगानुई नदीसाठी २०१७ सालीच झालेला कायदा वेगळा आहे, तो इथे. त्यामागे तेथील मूळनिवासी माओरी लोकांचा शतकाहून अधिक काळाचा लढा आणि सरकारशी झालेला समझोता आहे. नदीच्या वतीने बोलण्यासाठी दोन व्यक्ती असतात, एक सरकारने नेमलेली आणि एक नदीकाठच्या माओरी समाजांनी. आणि नदीच्या आरोग्यासाठी तीन कोटी न्यूझीलंड डॉलरचा स्वतंत्र निधी ठेवलेला आहे. त्या कायद्याचेही गोडवे गाण्याचे कारण नाही. आधीपासूनचे हक्क त्याने अबाधित ठेवले, त्यामुळे नदीच्या वरच्या अंगाचे पाणी आजही वीजनिर्मितीसाठी वळवले जाते.

आता आपला मुख्य मुद्दा. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे, पर्यावरण संरक्षणाचा १९८६ पासून आणि पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचा २०१० पासून. लवादाकडे कोणतीही बाधित व्यक्ती किंवा संस्था जाऊ शकते; अमेरिकेत ‘तुमचा संबंध काय’ या प्रश्नावर पर्यावरणाचे दावे अडतात, तसे आपल्याकडे सहसा होत नाही. दार उघडे असताना नदीला वेगळे दार कशाला, हा आपला प्रश्न म्हणूनच योग्य आहे. माझे उत्तर असे की आपली अडचण दारात नाही, आत गेल्यानंतर आहे. लवादाच्या कायद्याच्या कलम १४ खाली वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, फार तर साठ दिवसांची सवलत मिळते. पंचगंगेवरील तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो, तेव्हा वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, पाण्याचे नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात. आणि पाऊस पडून पाणी वाहते झाले की विषय संपतो. ज्याला शेत आणि संसार सांभाळायचा आहे, त्याने सहा महिन्यांत वकील शोधायचा, अहवाल मिळवायचे, आणि आदेश मिळालाच तर तो पाळला जातो की नाही हे पुढची दहा वर्षे पाहत राहायचे. लवादाचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो हे खरे, पण बजावून घेणारा कोणी तरी मागे उभा असावा लागतो. अर्जदार थकतो, गाव सोडतो, कधी तडजोड करतो. ‘अंमलबजावणीचा अभाव’ असे आपण ज्याला म्हणतो, त्याचा बराचसा भाग हा आहे : कायद्याने कायमचा तक्रारदार निर्माणच केलेला नाही. तेव्हा अंमलबजावणी आणि कायद्याची रचना हे दोन वेगळे विषय आहेत, असे मला वाटत नाही.

आणि आहे ते तरी टिकते का? नदीकाठी कोणते उद्योग किती अंतरावर असावेत, हे ठरवणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण महाराष्ट्राने २००० साली आणले, २००९ मध्ये सुधारले आणि २०१५ मध्ये रद्द केले. ते रद्द होताना नदीच्या वतीने कोणाचे म्हणणे ऐकून घेणे शासनावर बंधनकारक नव्हते. पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाच्या शिक्षेच्या जागी २०२३ च्या जनविश्वास कायद्याने दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. तुरुंगाची तरतूद क्वचितच वापरली जात होती, हा त्यामागचा युक्तिवाद मी समजू शकतो. परंतु मोठ्या कारखान्याला पंधरा लाख हा दंड वाटेल की परवाना शुल्क, हे आपणच सांगावे.

पुराचा आक्षेप उत्तराखंडनेही घेतला होता. पालकाची जबाबदारी कायद्यात नीट लिहिली, तर त्यावर मार्ग निघू शकतो, कारण पाऊस पालकाच्या हातात नसतो. उलट २०१९ च्या पुरानंतर, पूररेषेच्या आत बांधकामांना परवानगी कोणी दिली, असे विचारणारा एक अधिकृत आवाज असता तर बरे झाले असते.

पंचगंगेचा पालक कोण, हे मात्र मूळ लेखात मी सोयीस्करपणे टाळले होते. आता विचारता तर सांगतो : प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंतच्या काठावरील ग्रामसभांनी निवडलेला एक आणि उच्च न्यायालयाने नेमलेला एक, असे दोघे असावेत, दंडाच्या रकमेतील ठरावीक वाटा त्यांच्याकडे जावा आणि साखर कारखाना, महापालिका किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याशी संबंध असलेल्याला तिथे जागा नसावी. यातील कच्चा दुवा मला दिसतो. काठावरच्या गावांत ज्याचा ऊस कारखान्याला जात नाही असे घर शोधावे लागेल, आणि त्यांचे सांडपाणीही नदीतच जाते. त्यावर आपल्याला काही सुचत असेल, तर जरूर लिहावे.