बांगडा टक लावून का बघतो?

रविवारी सकाळी सुहास मासळीबाजारातून थेट कट्ट्यावर आला. पिशवीत सहा बांगडे आणि तोंडावर वैताग. सहा वर्षांची लेक मासळीवालीसमोर अडून बसली होती म्हणे. "बाबा, हा माझ्याकडेच बघतोय. त्याला डोळे मिटायला सांग." मासळीवाली हसली, "बाय, डोळे मिटलेला मासा कोन घेतंय काय?" पोरीला घरी सोडून स्वारी उत्तर शोधायला आमच्याकडे.

"त्यात काय शोधायचंय?" प्रमोद म्हणाला. "पापणीच नाही, तर मिटेल काय? देवाने दिलीच नाही."

देवाचं नाव निघाल्यावर काका पेपर खाली ठेवणार हे ठरलेलं. तीस वर्षं संस्कृत शिकवलंय त्यांनी. "देवाला तरी कुठे असते लवणारी पापणी? अनिमिष म्हणजे ज्याचं पातं लवत नाही तो. अमरकोशात त्याचे अर्थ दोन, देव आणि मासा. दमयंतीच्या स्वयंवरात पाच नळ उभे राहिले, त्यातले चार देव तिने कसे ओळखले? अंगाला घाम नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत आणि पापणी लवत नाही."

"म्हणजे त्या रांगेत एखादा बांगडा असता तर बाई फसली असती," प्रमोद म्हणाला. काकांनी पेपर परत वर घेतला.

माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे पापणी हा माझ्या पोटापाण्याचा विषय. दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोळे चुरचुरणारी मंडळी रोज येतात. माणसाची पापणी मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा लवते, स्क्रीनकडे बघताना ती बरीच कमी होते आणि डोळा सुकतो. मी म्हटलं, "बुबुळावर दर तीन-चार सेकंदांनी ओलं फडकं फिरवायचं, एवढंच काम. मासा जन्मभर हौदातच बसलाय. त्याला फडकं कशाला?"

मला वाटलं विषय संपला. पण सुहासने बीएस्सीला मुशी, म्हणजे छोटा शार्क, चिरली होती आणि ते तो वर्षातून दोनदा तरी ऐकवतो. "मुशीच्या डोळ्याला खालून वर येणारा पडदा असतो. ती काय पाण्याबाहेर राहते? टायगर शार्कलाही आहे. तुझा सिद्धांत बुडाला."

"तो पडदा ओलाव्यासाठी नाही रे. भक्ष्य धडपडतं, त्याचं नख-काटा डोळ्यात जाऊ नये म्हणून चावताना वर येतो. ग्रेट व्हाइटला तोही नाही, तो चावताना डोळा मागे फिरवतो. हे हेल्मेट झालं, पापणी लवणं नव्हे."

"डोळा झाकला म्हणजे मिटला!" प्रमोद आपला त्याचाच. मग त्याने पिशवीत हात घालून एक बांगडा काढला आणि डोळ्याच्या कडेला बोट टेकवलं. "आणि हे काय आहे?" खरंच, पुढून आणि मागून काचेसारखा पारदर्शक, किंचित बुळबुळीत थर, आणि मधोमध उभी फट. चरबीची पापणी म्हणतात तिला. बोय माशालाही असते. इतकी वर्षं बांगडे खातोय, पण नीट बघितलं त्या दिवशी. प्रमोदने ती बोटाने सरकवून पाहिली, ढिम्म हलली नाही. "न हलणारी पापणी म्हणजे बंद पडलेलं शटर," असं म्हणून त्याने बांगडा परत ठेवला आणि हात सुहासच्या रुमालाला पुसला.

इतका वेळ दिनेश गप्प होता. तो खाडीकाठचा, गावठाणातला. चहाचा ग्लास ठेवून म्हणाला, "निवटी मिटते डोळे. चिखलातली असली तरी मासाच ती."

आम्ही हसलो.

"हसा. लहानपणी ओहोटीला चिखलात बिळात हात घालून धरायचो आम्ही निवट्या. डोळे डोक्यावर, बेडकासारखे. ते असे खाली खोबणीत बुडतात, खालची कातडी वरून येते, की परत वर. मिटते म्हणजे मिटते."

प्रमोदने चहाची पैज लावली आणि मी फोन काढला. दिनेश जिंकला, आणि नुसता जिंकला नाही. 2023 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नेमका हाच अभ्यास छापलाय. निवटीला अश्रुग्रंथी नाहीतच, कातडीचाच चिकट ओलावा ती डोळ्याला फासते. कोरड्या हवेत ठेवली की जास्त वेळा डोळे मिटते. डोळ्याला काही लागलं तर मिटते. कोळंबीसारख्या बारीक जिवाच्या सुक्या अंड्यांची भुकटी डोळ्यावर टाकली, तर मिटून साफ करते. आपली पापणी करते तीच तिन्ही कामं. आणि त्यासाठी नवा स्नायू नाही, पाण्यातल्या भाईबंदांकडे असलेलेच वापरून. साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वी आपले पूर्वज पाण्यातून वर येत होते, तेव्हा त्यांचंही असंच काही झालं असावं, असा त्या लोकांचा कयास.

"म्हणजे हवेत आलं की डोळे मिटावे लागतात. मी काय म्हणत होतो?" मी म्हटलं.

"मग साप?" प्रमोद हार मानणारा नव्हे. "चांगला जमिनीवर असतो की. कुठे मिटतो?"

"त्याच्या डोळ्यावर पारदर्शक खवला बसलेला असतो, काचेच्या झाकणासारखा. कात टाकताना तोही निघतो. त्याआधी डोळा दुधाळ दिसतो ना, तो त्याच्यामुळे."

"आणि पाल?"

"घरातली पाल जिभेने डोळा चाटते."

"म्हणजे जीभ ही पापणी! लिही, पालीची पापणी तोंडात असते." यावर काकांनीही पेपर पूर्ण घडी केला. डोळा बुडवणं, चाटणं, झाकणं, यातलं मिटणं कोणतं, यावर पुढे तासभर गेला. माझं मत अजून तेच आहे: ओलं करून परत उघडलं तर मिटणं, बाकी सगळं संरक्षण. प्रमोदला ते मान्य नाही. चहाचे पैसे मात्र त्याने दिले, तेही कुरकुरत.

तेवढ्यात सुहासचा फोन वाजला. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "बांगडे कुठायत?" त्याने घाईने पिशवी उघडली. बर्फाचं पाणी झालेलं, आणि सकाळी काचेसारखे टपोरे असलेले डोळे पांढरट होऊन आत गेलेले.

दिनेश वाकून बघत म्हणाला, "घे. पोरीला सांग, मिटले."