पाठ्यपुस्तकांचा खर्च वाचवण्याची शास्त्रशुद्ध रीत

पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाल्याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. शिक्षणशुल्क भरून झाले, वसतिगृहाची अनामत देऊन झाली, ड्रॉइंग बोर्ड आणि ॲप्रन घेऊन झाला, आणि आता वडील दबक्या आवाजात विचारत आहेत की पुस्तकांना किती लागतील. त्यांना तत्काळ निश्चिंत करावे. फी आपल्याला कमी करता येत नाही, मेसचे पैसे आगाऊच गेलेले असतात, मोबाइलच्या रिचार्जला तर हात लावण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा सगळ्या शिक्षणात काटकसरीला जागा उरते ती नेमकी पुस्तकांपाशीच.

आरंभ अप्पा बळवंत चौकापासून करावा. जुनी पुस्तके तिथे निम्म्या किमतीला मिळतात ही कीर्ती खरी आहे. मात्र दुकानदार पुस्तकाच्या नावाआधी ‘पॅटर्न कुठला?’ असे विचारतो, त्याचे उत्तर पाठ असू द्यावे. पुणे विद्यापीठाचे अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम २०१२, २०१५, २०१९, २०२४ अशा पॅटर्नांनी ओळखले जातात. न्यूटनचे नियम या सगळ्या काळात तेच राहिले, तरी ते तिसऱ्या युनिटमधून पहिल्यात सरकले की थोरल्या भावाच्या पुस्तकाची रद्दी होते. म्हणूनच जुन्या पॅटर्नचे पुस्तक सर्वांत स्वस्त पडते, तेच घ्यावे. त्यातही पहिली दोन प्रकरणे पिवळ्या मार्करने संपूर्ण रंगवलेली आणि तिसऱ्यापासून पाने इतकी करकरीत की उलटताना एकमेकांना चिकटून येतात, अशी प्रत मिळाल्यास सोडू नये. आधीच्या मालकाने कुठे थांबायचे ते आपल्यासाठी आखूनच ठेवलेले असते.

घरात एखादे अभियंता काका असतील, तर त्यांच्यापासून मात्र जपावे. ब्रिटिश सरकारच्या मदतीने निघणाऱ्या ‘ईएलबीएस’च्या स्वस्त आवृत्त्या १९९०च्या दशकापर्यंत आपल्याकडे मिळत असत, आणि त्या पिढीने त्या नुसत्या विकत घेतल्या नाहीत तर वाचल्यासुद्धा. काका कपाटातून असे पुस्तक काढतात आणि समासात पेन्सिलीने सोडवलेली गणिते दाखवू लागतात. पहिल्या सत्रात तरी त्यांच्याकडे जेवायला जाणे टाळावे.

ग्रंथालयात पुस्तक घरी नेण्यासाठी दिलेल्या दोन ‘बीटी’ कार्डांवर दोनच पुस्तके मिळतात. तिसरे हवे असल्यास ते मेकॅनिक्सच्या कपाटातून उचलून फ्रेंच शब्दकोशांच्या मागे ठेवावे, कारण तिकडे कोणी फिरकत नाही. पुढे आपणही फिरकणार नाही, पण ते दुसऱ्या कोणाला मिळाले नाही, हे समाधान विनामूल्य असते.

बचतीचे खरे विद्यापीठ म्हणजे कॉलेजच्या फाटकासमोरचे झेरॉक्सचे दुकान. तिथला मुलगा पुस्तक काचेवर उपडे टाकतो, तळहाताने त्याची पाठ दाबतो, बाइंडिंग कुठेतरी ‘कट्’ करून तुटते, आणि उजेडाचा पट्टा पानाखालून सरकत असताना त्याची नजर रस्त्यावर असते. त्यामुळे डाव्या पानाची आतली कड नेहमी काळ्या सावलीत जाते. ओळीच्या शेवटी असलेला वर्गाचा दोन त्या काळोखात बुडाला की गणित चुकते. पण गणित चुकण्याचे पैसे पडत नाहीत.

कोणी कायद्याची भीती घातली, तर दिल्लीचा दाखला द्यावा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या एका झेरॉक्स दुकानावर दावा लावला, १६ सप्टेंबर २०१६ रोजी उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली, इतकेच सांगून थांबावे. तो वाद निरनिराळ्या पुस्तकांतील निवडक भाग एकत्र करून बांधलेल्या अभ्याससंचांचा होता. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधील सवलत अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीसाठी आहे. आणि ते भाग शिकवण्यासाठी खरोखरच लागत होते का, हे तपासण्यासाठी खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये दावा पुन्हा उभा केला होता, हा तपशील काढत बसू नये. निकालपत्रच पूर्ण वाचायचे, तर पाठ्यपुस्तकाने काय घोडे मारले होते?

पीडीएफ तर फुकटच मिळते. तिच्यात १४३व्या पानानंतर थेट १४६वे येते आणि मधेच एका आकृतीवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा उमटलेला असतो. मोबाइलवर सर्किटची आकृती दिसत नाही, हे कारण पुढे करून वडिलांकडून अठरा हजारांचा टॅब मिळवावा. सहाशे रुपयांचे पुस्तक वाचवायचे म्हणजे एवढी गुंतवणूक आलीच. एनपीटीईएल या संकेतस्थळावरची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने आणि आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हेही मोफत आहे, परंतु त्या वाटेला जाऊ नये. राजरोस फुकट मिळालेल्या वस्तूत काही वाचवल्याचा आनंद नसतो.

एवढे पथ्य पाळल्यावर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात किरकोळ खर्च येतो. प्रत्येक विषयाला एक ‘लोकल ऑथर’, म्हणजे स्थानिक लेखकाचे परीक्षेपुरते पुस्तक, घ्यावा लागतो, सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचा संच घ्यावा लागतो, टॉपरच्या वहीची झेरॉक्स काढावी लागते आणि ती रूममेटने नेली म्हणून पुन्हा काढावी लागते. एखादा विषय राहिलाच, तर परीक्षा अर्जाचे शुल्क नव्याने भरावे, पुनर्मूल्यांकनाचे वेगळे भरावे, आणि त्याआधी आपल्याच उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी. विद्यापीठाच्या झेरॉक्सचा दर फाटकासमोरच्या दुकानातला नसतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

सत्र संपल्यावर सारा गठ्ठा रद्दीवाल्याकडे न्यावा. वजन करण्यापूर्वी तो प्रत्येक संचाचे स्पायरल ओढून काढतो आणि प्लॅस्टिकची आवरणे बाजूला फेकतो. म्हणून हे काम खोलीवरच उरकावे आणि ती वेटोळी सरळ करून गादीखाली जपून ठेवावीत. पुढच्या सत्रात झेरॉक्सवाला स्पायरलचे तीस रुपये वेगळे लावतो.